श्रावणातली कोरडी नहर

आमच्या नहरेला कुणी नाला म्हटलं की माझं डोकं फिरतं. आजकाल सगळेच म्हणतात. भेस्तानात आमच्या घरामागे आता तिच्यावर स्लॅब पडलाय, स्लॅबवर रस्ता झालाय आणि रस्त्यावर पाणीपुरीच्या गाड्या लागतात. स्कूटर लावून उभ्या असलेल्या पोरांना मी विचारते, तुमच्या पायाखाली काय आहे सांगा बघू. ती म्हणतात, "नाळुं छे, आंटी." मग मी सुरू होते. माझा नवरा तोवर पाणीपुरी संपवून लांब जाऊन उभा राहतो, कारण ही कथा त्यानं भरपूर वेळा ऐकली आहे. ऐकली तर ऐकली. नाला पावसानं होतो, नहर माणसाला खोदावी लागते, आणि ही कुणी खोदली ते मला माहीत आहे.

आम्ही मूळचे खानदेशातले, गिरणेकाठचे. वडील लग्नाआधीच सुरतेला आले आणि बमरोलीच्या एका सांचाखात्यात मागावर उभे राहिले. सुरतेत मागाला सांचा म्हणतात. पुढे त्यांनी भेस्तानात खोली घेतली. माझ्या लहानपणी भेस्तान म्हणजे ना धड गाव, ना धड शहर. एका बाजूला रेल्वे स्टेशन आणि आमच्यासारख्यांच्या पत्र्याच्या खोल्या, दुसऱ्या बाजूला नजर पोहोचेल तिथवर ऊस, आणि दोन्हींच्या मधून नहर. अलीकडे आम्ही, पलीकडे जमीनदार. मधे एक लोखंडी पाइप टाकलेला होता, त्यावरून तोल सांभाळत पोरं पलीकडे ऊस चोरायला जायची. मीही जायची. मला त्याची अजिबात लाज वाटत नाही.

पलीकडच्या शेतात एक म्हाताऱ्या गुजराती बा राहायच्या. नहरेचा इतिहास मला पहिल्यांदा त्यांनी सांगितला. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा इथे नुसती ज्वारी आणि कापूस व्हायचा आणि पाऊस रुसला की तेही नाही. मग वर कुठेतरी तापी अडवली, तिचं पाणी डाव्या काठानं वळवलं, ते बारडोलीच्या बाजूनं फाटे फुटत फुटत खाली आलं, आणि त्यातला एक फाटा बांच्या दारात पोहोचला. पहिलं पाणी आलं तेव्हा त्यांच्या सासूनं नहरेला नारळ वाढवला, देवीला वाहतात तशी चुंदडी, म्हणजे ओढणी, वाहिली. त्यानंतर ऊस आला, भात आला, बारडोलीला साखर कारखान्यात गाड्या जायला लागल्या. "पहेलां नहेर आवी, पछी अमे माणस थया," बा म्हणायच्या. आधी नहर आली, मग आम्ही माणसांत आलो. एवढी श्रीमंत बाई असं उघड बोलते याचं मला फार नवल वाटायचं.

नहरेला पाणी सुटायचं ते दिवाळीनंतर. आदल्या दिवशी पलीकडचे शेतकरी शेतात पाणी घ्यायची आपापली दारं साफ करायला यायचे, त्यावरून आम्हाला कळायचं. मग सकाळी कुणीतरी ओरडायचं, पाणी आलं! आम्ही धावत काठावर. कोरड्या पात्रातून पाण्याचं तोंड सरकत यायचं, पुढे पालापाचोळा, तुटक्या चपला, उसाची चिपाडं ढकलत. फार हळू यायचं. आम्ही काठानं त्याच्या बरोबरीनं चालायचो आणि स्टेशनच्या पुलापर्यंत त्याला पोहोचवून यायचो. नंतर उन्हाळाभर सगळा संसार नहरेवर. बायका कपडे धुवायच्या, गोधड्या धुवायच्या, वर्षभराची भांडणं धुवायच्या. पाळी सुटली की वडील आणि त्यांचे सोबती केसांत कापसाची पिंजण घेऊन तसेच नहरेत उतरायचे आणि माणसासारखे दिसायला लागले की बाहेर यायचे.

आता मुद्द्यावर येते. मुद्दा आमच्या कानबाईचा आहे.

खानदेशाबाहेरच्यांना सांगायला हवं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. घरातल्या पुरुषांच्या नावानं गहू मोजून दळतात, त्याचे रोट करतात, आणि सगळी भाऊबंदकी एका घरी जमून ते खाते. कानबाई म्हणजे एक नारळ. त्याला नथ, डोळे, हार, साडी असा साज चढवून चौरंगावर मांडतात, केळीच्या खांबांत. रात्रभर गाणी होतात. सोमवारी सकाळी घरची सून चौरंग डोक्यावर घेते आणि वाजतगाजत नदीवर जाते. तिथे कानबाईला पाण्यात बुडवून काढतात, नारळ पुसून परत आणतात, आणि चौरंगावर नदीची वाळू घेऊन येतात. ती वाळू घरभर टाकतात, म्हणजे घरात बरकत राहते. आमच्यात नारळ पिढ्यान् पिढ्या एकाच घरात असतो आणि ज्या घरात नारळ ते घर भाऊबंदकीत मोठं.

आमचा नारळ गावी असायचा, मोठ्या काकूकडे. काकू म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, माझ्या आईची जाऊ. दर श्रावणात आम्ही पॅसेंजरनं गावी जायचो. सांचाखात्यात सुट्टी मिळवायला वडिलांना मुकादमाच्या मागे मागे फिरावं लागायचं. गावी पोहोचलो की आई पाहुणी. पुरण वाटायला आई, पण चौरंग काकूच्या डोक्यावर. आई त्याबद्दल कधी एक अक्षर बोलली नाही.

मग सुरतेत ती प्लेगची साथ आली. अर्धं शहर पळालं, आम्हीही पळालो. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. गावी काकूनं आम्हाला घरात घेतलं, जेवू घातलं, त्यात तिनं काही कमी केलं नाही. पण येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "सुरतना काय भरोसा? घर नई, दार नई, उठीसन पयनात." घर नाही, दार नाही, उठले आणि पळाले. आई मागच्या खोलीत ऐकत बसायची. साथ ओसरल्यावर परत निघणाऱ्यांत आम्ही पहिल्या गाडीला होतो. भेस्तानला उतरल्यावर आई खोलीवर न जाता आधी नहरेवर गेली, नुकतंच पाणी सुटलं होतं, आणि तिनं पाय धुतले. मला तेव्हा वाटलं, तिचे पाय मळले असतील.

त्यानंतरच्या श्रावणात, गावी, रोट खाताना सगळी भाऊबंदकी बसलेली असताना आई बोलली. पुढच्या वर्षी कानबाई सुरतेला बसवू, म्हणाली. भाऊबंदकीतली बहुतेक घरं तोवर सुरतेतच होती, कुणी उधन्याला, कुणी बमरोलीत, कुणी आमच्या भेस्तानात. गावात उरलेली मंडळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. म्हणजे तिचं म्हणणं अगदी रास्त होतं. पण आईनं तोंड उघडलं याचाच सगळ्यांना धक्का बसला. पंगतीत कुणी वाढायचंही विसरलं.

काकूनं विचारलं, "तठे नदी शे का?"

"नहर शे," आई म्हणाली. "तापीनंच पानी शे. आपली गिरणा तापीले मिळस, तापी सुरतले येस, तेच पानी मना दारमा येस."

हे तिनं वर्षभर मनात घोळवलेलं होतं, बांकडून विचारून पक्कं केलेलं. मला तिचा इतका अभिमान वाटला की मी ताटातला रोट तसाच धरून बसले. काकू मात्र हसली. "भाडानं घर," ती म्हणाली, "आनि आते भाडानं पानी!"

सगळे हसले. माझे वडीलसुद्धा हसले, आणि त्याबद्दल आईनं त्यांना परतीच्या प्रवासभर पाणी विचारलं नाही.

हसली नाही ती एकटी आजी, माझ्या वडिलांची आई. आजी काकूजवळ गावी राहायची. कमी बोलायची. घरात शेवटचा शब्द तिचा, पण तो ती क्वचितच खर्ची घालायची. ती हात धुऊन उठली आणि म्हणाली, "पुढला साल मी सुरतले येसू. सोता देखसू. पानी खरं व्हई ते नारय तठेच ऱ्हाई. नई ते वापस लयी येसू."

वाद संपला. पाणी खरं ठरलं तर नारळ सुरतेत, नाहीतर परत गावी. आता एक वर्ष आईच्या हातात होतं.

ते वर्ष आईनं कसं घालवलं ते मी पाहिलंय. खोलीला चुना झाला, ओटा झाला. वडिलांनी मागून आणलेल्या फळ्यांचा चौरंग सुतारानं केला. नहरेच्या काठापर्यंतची पाऊलवाट आईनं स्वतः बाभळीच्या फांद्या तोडून मोकळी केली. उन्हाळ्यात नहर काठोकाठ वाहत होती आणि आई येणाऱ्याजाणाऱ्या खानदेशी बाईला काठावर नेऊन दाखवायची, जणू माहेरचं घर दाखवते आहे. बघा, म्हणायची, धार बघा. गिरणेला एवढी धार असते का वैशाखात?

नसतेच. आणि तिथेच आमची चूक झाली.

आम्ही नदीकाठची माणसं. नदीला पाणी पावसाळ्यात असतं आणि उन्हाळ्यात नसतं, हे आमच्या अंगात इतकं मुरलेलं की वैशाखात जी एवढी वाहते ती श्रावणात किती वाहत असेल, असंच आम्ही धरून चाललो. पावसाळ्यात काठावर चिखल, तिकडे कुणी फिरकत नसे. कपडे दारातच धुतले जायचे, आणि कानबाईच्या दिवसांत तर आम्ही गावीच. इतकी वर्षं नहरेशेजारी काढून आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की नहरेचं सगळं उलटं असतं. पाऊस नसतो तेव्हा ती वाहते. पाऊस चांगला झाला की शेतकऱ्याला तिची गरज नाही, मग ती बंद. आणि त्या वर्षी पाऊस अगदी मन लावून पडला होता.

आजी शुक्रवारी आली, पॅसेंजरनं, नारळ मांडीवर घेऊन. काकू गावीच थांबली. आम्ही म्हटलं, नहर बघायला चला. ती म्हणाली, सोमवारी बघीन. रविवारी सकाळी आईनं मला काठावर झाडून यायला पाठवलं. मी खराटा घेऊन गेले आणि खाली बघितलं तर पात्रात चिखल. कडेला एक-दोन डबकी, एक बेडूक, एक प्लॅस्टिकची पिशवी. बाकी काही नाही. दोन-तीन दिवस ऊन पडलं होतं, त्यानं वरचा चिखलही सुकायला लागलेला. मी तशीच पळत घरी आले. आई पुरण वाटत होती आणि खोलीत बायकांची गर्दी. मी तिच्या कानात सांगितलं. तिनं पाट्यावरचा वरवंटा थांबवला नाही, फक्त तिचा हात जड झाला. मग पदरानं तोंड पुसून ती उठली आणि आम्ही दोघी नहरेच्या चौकीवर गेलो.

चौकीवरचा माणूस भला होता. त्यानं आईला बसायला खुर्ची दिली. आई म्हणाली, थोडं पाणी सोडा, एका सकाळपुरतं, देवीचं काम आहे. तो म्हणाला, "बेन, चोमासामां नहेर बंद ज होय." पावसाळ्यात नहर बंदच असते, उलट पावसाचं साचलेलं पाणीसुद्धा खाली खाडीकडे सोडून द्यावं लागतं, नाहीतर उसात शिरतं. दार उघडणं त्याच्या हातात नव्हतं आणि ज्यांच्या हातात होतं ते रविवारी कुठे भेटणार? आई खुर्चीवर बसलीच नव्हती. ती म्हणाली, बरं भाऊ, आणि वळली.

वाटेत ती मला म्हणाली, "काकू हसेल." एवढंच. मला रडू आलं आणि रागही आला, नहरेचा, पावसाचा, काकूचा, कुणाचा ते कळत नव्हतं. गावाला पाऊस झाला की लोक पेढे वाटतात, आणि आम्ही दोघी इथे आभाळाला शिव्या देत घरी चाललो होतो.

आता मागे फिरता येत नव्हतं. रोट झाले होते, भाऊबंद जमले होते, संध्याकाळी कानबाई बसली. नथ घातल्यावर आणि हार चढवल्यावर ती इतकी देखणी दिसायला लागली की मी तिच्याकडे बघायचंच टाळलं. बातमी एव्हाना सगळ्यांना कळली होती. उधन्याच्या एका चुलत्यानं तोडगा काढला, टेम्पो करू आणि सरळ तापीवर जाऊ. आजी कोपऱ्यात बसून गाणी ऐकत होती. ती म्हणाली, "कानबाई गाडीमा बसत नई. डोकावरच जास." कुणीतरी हळूच म्हटलं, गावाहून आली ती गाडीतच बसून आली की. आजीनं त्याच्याकडे असं बघितलं की तो पान खायला बाहेर गेला. ते तिचं बरोबरच होतं. गाडीतून आला तो नारळ होता, चौरंगावर बसली ती कानबाई.

सोमवारी सकाळी आईनं न्हाऊन नवी साडी नेसली, चौरंगापुढे डोकं टेकलं आणि सगळ्यांदेखत आजीला सांगितलं, "आत्याबाई, नहरमा पानी नई शे. चूक मन्ही शे."

आजी म्हणाली, "चाल ते खरी."

आई चौरंग डोक्यावर घेऊन निघाली. पुढे डफ, मागे बायका. गाणी म्हणत होतो, फुगड्या घालत होतो, आणि प्रत्येकीला ठाऊक होतं की पुढे चिखल आहे. आमच्या गल्लीतली गुजराती, उडिया, भय्या मंडळी दारात येऊन बघत होती. आईची मान ताठ होती. मी तिच्या मागेच होते, तिचे पाय मला दिसत होते. एकदाही अडखळले नाहीत. काठावर पोहोचलो आणि डफ आपोआप थांबला. सगळ्यांनी खाली बघितलं. भाऊबंदकीतली एक म्हातारी पुटपुटली, "आते लयी जा माय गावले." आईच्या डोक्यावर चौरंग तसाच. ती आजीकडे बघत होती, बाकी कुणाकडे नाही.

आजीनं चपला काढल्या. लुगड्याचा काष्टा वर खोचला. आणि आम्ही अगं अगं म्हणेपर्यंत ती बुडावर घसरत नहरेत उतरली. चिखलात घोट्यापर्यंत गेली, उभी राहिली, वर बघितलं, खाली बघितलं. मग वळणाच्या आतल्या बाजूला, जिथे गाळ साठून उंचवटा झाला होता, तिथे गेली आणि टाचेनं दाबून दाबून पाहायला लागली. पलीकडच्या काठावर बा उभ्या होत्या, गाणी ऐकून आलेल्या. आजीनं त्यांच्याकडे बघून हातानं खोदल्याची खूण केली. त्या दोघींची ओळख ना पाळख, एकीला दुसरीची भाषा येत नव्हती. बांनी गड्याला हाक मारली आणि फावडं खाली आलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. झिरा! गिरणा आटली की आमच्या बायका वाळूत खड्डा करतात, त्यात पाणी झिरपून येतं, वाटीवाटीनं घागर भरतात. मी स्वतः उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी भरलेली होती. पण नहरेत झिरा करायचं माझ्या डोक्यात आलं असतं का? आम्ही नहरेला नळासारखी समजत होतो, कुणीतरी वरून सोडेल तेव्हा येणारी.

"गिरणामा वैशाखमा कोठे पानी ऱ्हास?" आजी खालून ओरडली. "तवय कोन चौकीवर जास का?"

आणि ती खोदायला लागली. मी आजीला तोवर फक्त बसलेली, निवडणारी, जपमाळ ओढणारी बघितली होती. त्या दिवशी तिनं पहिलं फावडं मारलं आणि माझे वडील दचकलेच. पाय फाकवून, कंबरेतून वाकून, माती ओढून डावीकडे टाकायची, एकाच जागी, नीट बांध घातल्यासारखी. हे घरच्या परसात खोदणाऱ्या बाईचं खोदणं नव्हतं. वडील उतरायला निघाले तर ती म्हणाली, थांब. दम लागला तेव्हा फावड्यावर हात टेकून ती वर बघायला लागली, आम्हा सगळ्यांकडे.

"हाऊ पाट आम्ही खंदेल शे," ती म्हणाली. खानदेशात कालव्याला पाट म्हणतात. "दुष्काळ व्हता. तुमना आजा आनि मी, मुकादमना संगे उनूत. पालमा ऱ्हाऊत. मी माती वाहेल शे आठे, डोकावर. घरमा लाज वाटे, म्हनीसन कोनले सांगं नई. आज सांगस."

आमच्या घरात सगळ्यांना अंधुक माहीत होतं की एका दुष्काळात आजी-आजोबा कुठेतरी खोदकामाला गेले होते. पण आम्ही जमीनवाले कुणबी, मुकादमाच्या हाताखाली माती वाहिली हे तोंडानं कसं म्हणायचं? त्या वर्षांचा विषय घरात कुणी काढतच नसे. आणि ती बाई आज तिथेच उभी राहून, चिखलानं माखलेली, सगळ्या भाऊबंदकीसमोर आणि पलीकडच्या जमीनदारांसमोर मोठ्यानं सांगत होती. बमरोलीत वडील सांचे चालवायला आले त्याच्या कितीतरी आधी त्यांच्या आईनं इथल्या उसाला पाणी आणलं होतं. भाड्याचं पाणी म्हणे!

नेमका हाच फाटा तिनं खोदला की वरचा एखादा, हे आजीलाही सांगता आलं नसतं, तेव्हा इथे ना स्टेशनजवळच्या खोल्या होत्या ना पूल. मी नंतर एकदा विचारलं तर म्हणाली, माती काळी होती आणि पायाला चिकटायची. तेवढी खूण मला पुरेशी आहे. मी सांगताना हाच सांगते.

मग आम्ही सगळ्याच उतरलो. नव्या साड्या खोचून बायकांनी हातांनी गाळ उपसला, खालची वाळू लागली, ती भरभरीत थंड होती. खड्ड्याच्या कडेनं आधी ओल आली, मग पाणी. काळपट, गढूळ. आजी म्हणाली, दम धरा. गढूळ पाणी वाटीनं उपसून टाकलं, पुन्हा आलं, पुन्हा उपसलं. बसून राहिलो. गाणी परत सुरू झाली, या खेपेला कुणी सांगायला लागलं नाही. थोड्या वेळानं पाणी असं निवळलं की तळाची वाळू दिसायला लागली.

आईला चौरंगासकट खाली उतरवलं. पलीकडून बा घाईघाईनं घरी गेल्या आणि येताना चुंदडी घेऊन आल्या, गड्यानं ती पाइपवरून आणून दिली. आईनं साज उतरवला, कानबाईला त्या पाण्यात बुडवलं आणि बाहेर काढलं. ती रडत होती. आम्ही सगळ्याच रडत होतो, डफवालासुद्धा. नहरेची वाळू चौरंगावर घेऊन आम्ही घरी आलो आणि खोलीभर टाकली, सांचाखात्यात जायच्या वडिलांच्या पिशवीतसुद्धा आईनं चिमूटभर टाकली. त्या दिवशी त्या पत्र्याच्या खोलीत मला पहिल्यांदा वाटलं की हे आपलं घर आहे. असं वाटून घ्यायला मला कुणाच्या परवानगीची गरज नव्हती.

आजी आठवडाभर राहिली आणि मग गावी निघाली. स्टेशनवर आईनं पिशवीतून फडक्यात बांधलेला नारळ काढला आणि तिच्यापुढे धरला. पाणी खरं होतं का, हे तिनं तोंडानं विचारलं नाही. झिऱ्याचं पाणी नदीचं धरायचं की नाही, ते आजीनं ठरवायचं होतं. गाडी आली. आजीनं नारळाला हात लावून तो कपाळाला लावला आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे. कानबाईनं पानी आठे शे."

पुढच्या श्रावणात काकू सुरतेला आली. नारळ आमच्याकडे, तर रोटाला तिनंच यायला हवं. कमी बोलणाऱ्या आजीनं तिला नहरेचं काही सांगितलेलं नव्हतं. काका पुढे, ती मागे, गुडघे दुखतात म्हणून वाटभर कुरकुरत. सोमवारी ती मिरवणुकीत आली, चपला घालूनच. त्या वर्षी पावसानं ओढ दिली होती म्हणून नहर सोडलेली होती, चांगली कमरेइतकी वाहत होती, आणि बांनी काठावर फुलं आणून ठेवली होती. आईच्या डोक्यावर चौरंग होता. काकूनं या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं, सरळ रेघेतले काठ बघितले आणि म्हणाली, "हाई नदी कसानी व माय? हाई ते कोनी तरी खंदेल शे."

आईनं आयुष्यात पहिल्यांदा तिला उलट उत्तर दिलं. चौरंग डोक्यावर तसाच धरून, मान न वळवता.

"आपली सासूनी खंदेल शे."

काकू काठावर उभी राहिली. मग वाकली आणि तिनं चपला काढल्या.